सातारचं प्रतापसिंह हायस्कूल: शाळा राहावी की स्मारक व्हावं?

यवतेश्वर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून मनात असलेला विषय मांडतोय.

साताऱ्यात राजवाड्यातलं प्रतापसिंह हायस्कूल सगळ्यांना माहीत असतं ते एका कारणाने. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या इंग्रजी पहिलीत साडेनऊ वर्षांच्या एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. शाळेच्या रजिस्टरात नोंद क्रमांक १९१४. (हे साल नव्हे, नोंदीचा क्रमांक. दरवेळी कुणीतरी गोंधळतं म्हणून आधीच सांगतो.) २०१७ मध्ये राज्य सरकारने ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून जाहीर केला, तेव्हापासून त्या दिवशी शाळेत बाहेरगावच्या लोकांची गर्दी होते.

ही शाळा एवढ्या एका नोंदीपुरती नाही. ती १८५१ सालची आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, वुडचा खलिता (कंपनी सरकारचं शिक्षणाचं धोरण) १८५४ चा, म्हणजे शाळा दोन्हींच्या आधीची. छत्रपतींचं सातारचं राज्य कंपनीने खालसा करून जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. आणि आजही ही शाळा कुठल्या खाजगी संस्थेची नाही, जिल्हा परिषदेची आहे. फी भरून रांगा लावाव्यात अशी ती कधीच नव्हती.

आमच्या गप्पांत दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढी मोठी जागा, तिथे नीट स्मारक करा, संग्रहालय करा, मुलांना दुसरीकडे हलवा. दुसरा म्हणतो, शाळा चालली पाहिजे. माझं मत शाळेच्या बाजूने आहे, पण इथल्या जाणकारांचं ऐकायचंय. माजी विद्यार्थी असतील तर जरूर लिहा.

राजपथावरची

धागा काढल्याबद्दल धन्यवाद! आमचं घर यादोगोपाळ पेठेत. मी कन्याशाळेची, पण दोन्ही मामा प्रतापसिंहचे. मोठा मामा सांगायचा की वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा आणि गणिताच्या तासाला सगळा वर्ग किल्ल्यावर असायचा.

शाळा राहावी. दुसरा विचारच नाही.

जुनी_अकरावी

इंग्रजी पहिली म्हणजे हल्लीची पाचवी, हे नवीन मुलांना सांगायला हवं. मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी शाळेत जायचं आणि तिथली सातवी म्हणजे मॅट्रिक. ती परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. माझ्या वेळेपर्यंत विद्यापीठ जाऊन बोर्ड आलं होतं, पण अकरावीला घरातले म्हातारे 'मॅट्रिक'च म्हणत. पुढे १०+२ आलं, १९७५ ला दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली आणि आम्ही एका फटक्यात 'जुने' झालो.

जिल्ह्याच्या गावाला सरकारी हायस्कूल एकच असायचं. माण, खटाव, पाटण, जावळीकडचा मुलगा मॅट्रिक व्हायचा म्हणजे साताऱ्याला येऊन खोली घ्यायची, नाहीतर वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी जेवायचं. ज्याला वारही मिळायचे नाहीत, त्याची शाळा तिथेच संपायची. त्या काळातलं सरकारी हायस्कूल सगळ्यांसाठी होतं असं म्हणताना हे विसरू नये.

मोडीप्रेमी

रजिस्टरातल्या त्या नोंदीसमोर सही आहे ती मोडीत. फोटो पाहिला असेल सगळ्यांनी. मोठ्या माणसांच्या सह्या आपण खूप पाहतो, पण पाचवीतल्या पोराच्या हातची मोडी पाहताना वेगळंच वाटतं.

नावाबद्दल एक मुद्दा. मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, त्यावरून आंबडवेकर. कृष्णाजी केशव आंबेडकर नावाच्या शिक्षकांनी प्रेमाने आपलं आडनाव दिलं, ही गोष्ट आपण सगळे ऐकत आलोय. पण प्रवेशाच्या नोंदीतच 'आंबेडकर' असेल, तर शाळेत आल्यावर गुरुजींनी नाव बदललं ही हकीकत जशीच्या तशी कशी बसवायची?

प्रज्ञा_म

मोडीप्रेमी, मुद्दा बरोबर आहे. पण गुरुजींची आठवण निव्वळ दंतकथा म्हणून झटकू नका. आंबेडकर आडनावाचे शिक्षक त्यांना होते आणि ते मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला देत, हे चरित्रकारांनी लिहिलंय. गोलमेज परिषदेच्या वेळी याच गुरुजींचं पत्र आलं, ते बाबासाहेबांनी जपून ठेवलं होतं. आडनाव कसं आलं यावर वाद घाला, भाकरीवर घालू नका.

मोडीप्रेमी

@प्रज्ञा_म, मान्य. माझा प्रश्न फक्त कागदाचा होता. आधी तोंडी ठरलं आणि मग रजिस्टरात चढलं, असंही झालेलं असू शकतं. तुम्ही म्हणता तो जिव्हाळा मला नाकारायचा नाही.

कंदी_पेढा

राजवाड्यावर जाऊन शाळा बघून यायची आणि मोती चौकातून पेढे न घेता परतायचं, असं कुणी करत असेल तर त्याला सातारकर म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

राजपथावरची

@कंदी_पेढा, तुमचा आयडी वाचून कुणाला वाटेल दुकान तुमचंच आहे :)

खटावकर

आमच्या भागाचा संबंध आहे म्हणून लिहितो.

बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्या वेळी खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर रोखपाल होते. दुष्काळात माणसांना काम मिळावं म्हणून सरकारने तो तलाव खोदायला काढला होता. १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भिवा, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची मुलं अशी मंडळी वडिलांना भेटायला निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या. रेल्वेने मसूरला उतरली. वडिलांना पत्र मिळालं नव्हतं, घ्यायला कुणी आलं नाही. स्टेशन मास्तरने जात विचारली, पोरांनी खरी सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या कितीतरी उभ्या, एकही यायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रभर प्रवास, सोबत जेवण होतं, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही, म्हणून उपाशीच. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

मसूर ते आमचं गाव हा रस्ता मी शेकडो वेळा गेलोय. हे वाचल्यापासून तो रस्ता मला पूर्वीसारखा दिसत नाही.

आता तारखा जुळवून बघा. ७ नोव्हेंबर १९०० ला शाळेत नाव घातलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात हे घडलं. म्हणजे सरकारी हायस्कूलचा विद्यार्थी होता तो तेव्हा.

प्रज्ञा_म

खटावकर दादा, तुम्ही तारखा जुळवून दाखवल्यात ते फार बरं केलंत.

त्याच लिखाणात सातारच्या शाळकरी दिवसांबद्दलही आहे. गुणवत्तेप्रमाणे वर्गात बसायला नाही, कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला स्वतःचं गोणपाट आणायचं, ते शाळा झाडणारा नोकरसुद्धा हात लावणार नाही म्हणून रोज घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपाई नळ उघडेल तेव्हा प्यायचं. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

म्हणून मला 'ही शाळा सगळ्यांची होती' हे वाक्य खटकतं. सरकारचं दार उघडलं, हे खरं. फक्त ब्रिटिश सरकारची शाळा होती म्हणून नाव तरी लागलं, हेही खरं. पण उंबऱ्याच्या आत काय होतं तेही तितकंच खरं. स्मारक करायचं असेल तर ते गोणपाट आणि तो नळ सांगणारं करा. निव्वळ पुतळा आणि हार नको.

मी तिथे विद्यार्थी दिवसाला गेलेय, लेकीला घेऊन. विदर्भातून, मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं पाहिली. एक आजी फक्त रजिस्टरातलं ते पान बघायला आल्या होत्या. वाचता येत नव्हतं त्यांना. नातवाने बोट ठेवून दाखवलं, त्यांनी हात जोडले.

यवतेश्वर

@प्रज्ञा_म, 'सगळ्यांची' हा शब्द मूळ लेखात मी वापरलेला नाही, पण सूर तसा लागला असेल तर तुमची दुरुस्ती धाग्यात राहू दे. ती हवीच.

थोरले_महाराज_प्रेमी

शाळेला ज्यांचं नाव आहे त्यांच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून!

छत्रपती प्रतापसिंह महाराज, जन्म १७९३. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना सातारच्या गादीवर बसवलं, १८१९ ला तह झाला. पुढे वीस वर्षांत त्यांनी जे केलं ते सातारा अजून वापरतोय: रस्ते, तळी, पाण्याच्या सोयी आणि हा राजवाडा. रोजनिशी लिहिणारा राजा होता तो. मग कंपनीविरुद्ध कट केल्याचा आळ घातला. चुका कबूल करणाऱ्या कागदावर सही केलीत तर गादी राहील, असं सांगितलं. महाराजांनी सही केली नाही. १८३९ ला पदच्युत करून काशीला पाठवलं, तिथेच १८४७ मध्ये गेले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं झगडले.

आता बघा, ज्यांनी राजाला घालवलं त्या सरकारने १८५१ ला हायस्कूल काढलं. 'सातारा हायस्कूल' म्हणत तेव्हा. शाळा राजवाड्यात आली आणि नंतर तिला नाव मिळालं ते सही न करणाऱ्या राजाचं. ते नाव ज्यांनी दिलं त्यांना माझा मुजरा.

जुनी_अकरावी

सुंदर प्रतिसाद. एक पुरवणी: खालसा होण्याच्या सुमारास साताऱ्याला रेसिडेंट (म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) आणि मग कमिशनर होता बार्टल फ्रिअर. हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. मुंबईतला फ्रिअर रोड जुन्या लोकांना आठवत असेल.

आणि राजवाडे दोन आहेत बरं का. जुना आणि त्याला लागून नवा. नव्यात कित्येक वर्षं जिल्हा न्यायालय भरायचं. एकीकडे पाढे आणि एकीकडे पुकारे, असा तो चौक होता.

रयतसेवक

सातारच्या शाळांबद्दल धागा आणि कर्मवीर अण्णांचं, म्हणजे भाऊराव पाटलांचं नाव नाही?

१९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. १९२७ ला गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल, फी नाही, राहणं-जेवण तिथेच, आणि पोरांनी श्रम करायचे. जुनी_अकरावी काकांनी वर लिहिलंय ना, वार मिळाले नाहीत की शिक्षण संपायचं? तिथेच अण्णांनी हात घातला. सरकारी हायस्कुलाने दार उघडलं, पण गावाकडच्या पोराला त्या दारापर्यंत आणून पोटाला घालणारं कुणी हवं होतं.

म्हणून माझ्या मते खरी लोकशाळा रयतची. राग मानू नका.

थोरले_महाराज_प्रेमी

राग कसला. पण अशी स्पर्धा लावू नये. १८५१ आणि १९४० मध्ये जवळजवळ नव्वद वर्षं आहेत.

सदर_बझार

स्पर्धाच लावायची तर सैनिक स्कूल, सातारा. १९६१. देशातलं पहिलं. विषय संपला :)

राजपथावरची

आणि १८९९ चं न्यू इंग्लिश स्कूल? ते लोक येतीलच आता धाग्यावर. मी चहा टाकते.

न्यू_इंग्लिश_७८

आलोच! चहा दोन कप टाका ताई. आमची शाळा डेक्कन एज्युकेशन सोसायटीची, त्यामुळे या धाग्यात परकाच मी. पण क्रिकेटमध्ये प्रतापसिंहच्या पोरांनी आम्हाला गांधी मैदानावर काय धुतलंय, ते विसरलो नाही. चौकार गेला की चेंडू थेट भेळेच्या गाडीखाली.

प्रशाला_मास्तर

मी साताऱ्याचा नाही, परभणीकडचा. जिल्हा परिषद प्रशालेत शिकवतो. मूळ प्रश्नाकडे यायचंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शाळा म्हटलं की संस्था आलीच: रयत, डेक्कन, अजून कुणी. जिल्हा परिषद म्हणजे सातवीपर्यंतची शाळा, अशी तिकडे समजूत. आमच्या मराठवाड्यात उलटं. निजामाच्या राज्यात हायस्कुलं सरकारनेच चालवली, ती पुढे जिल्हा परिषदांकडे आली, म्हणून आमच्याकडे तालुक्या-तालुक्याला जि. प. प्रशाला आहे. तुमच्याकडे प्रतापसिंह हे त्यामानाने एकटं झाड आहे. त्याचं मोल तिकडच्या लोकांना कळत नसेल तर मी समजू शकतो.

आता शाळा की स्मारक. बाहेरून हा भावनेचा प्रश्न दिसतो, आतून तो पटाचा आहे. दरवर्षी संचमान्यता होते. पटावर मुलं किती, त्यावर शिक्षकांची पदं मंजूर होतात. मुलं घटली की पद कमी, शिक्षक अतिरिक्त, त्याची दुसरीकडे बदली. विज्ञानाचा किंवा इंग्रजीचा शिक्षक गेला की पुढच्या जूनमध्ये पालक आणखी मुलं काढतात. पट अजून खाली. हे एकदा सुरू झालं की कुठलीही घोषणा ते थांबवत नाही. शाळा 'हलवायची' म्हणाल तर तीच गोष्ट घडेल. नव्या जागी निम्मी मुलं जातील, दोन वर्षांत ती शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होईल आणि मग राजवाड्यात फक्त फलक उरेल.

उलट शाळेचा पट वाढवायचा तर काय लागतं, हेही आम्ही करून बघितलंय. आमच्या प्रशालेत सेमी इंग्रजी सुरू केलं, दहावीच्या मुलांसाठी रात्रीची अभ्यासिका उघडी ठेवली आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणलं. तिसऱ्या गोष्टीचा परिणाम सगळ्यात आधी दिसला. मुली आठवीनंतर गळायच्या थांबल्या.

आणि रजिस्टरबद्दल. जनरल रजिस्टर हा कायमचा अभिलेख असतो, तो कधी नष्ट करत नाहीत. म्हणून १९०० ची नोंद टिकली. ज्या शाळेने सव्वाशे वर्षं एक वही सांभाळली, ती शाळा बंद करून त्या वहीचं संग्रहालय करायचं, हे मला पटत नाही.

प्रज्ञा_म

सर, उभं राहून टाळ्या. पाण्याची गोष्ट विशेष लागली. ज्या शाळेच्या इतिहासात तो नळ आहे, तिथे तर हे पहिलं बघायला हवं.

मोडीप्रेमी

+१. जनरल रजिस्टरचं महत्त्व २०२३ मध्ये सगळ्या राज्याने बघितलं. कुणबी नोंदी शोधायला शाळाशाळांची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. मला दिवसाला इतके फोन यायचे की बायको म्हणाली, आता तरी कळलं ना लोकांना तुम्ही काय करता ते!

डोंबिवलीकर_सातारी

मी विरुद्ध बाजूने बोलतो, रागावू नका.

लाकडी माळवदाची, जुन्या भिंतींची वास्तू आणि त्यात रोज दंगा करणारी पोरं. एकीकडे वारसा जपायचा म्हणता, दुसरीकडे तिथेच बाक, फळे, विजेच्या वायरी, प्रयोगशाळा. साताऱ्याचा पाऊस काय असतो माहितीये सगळ्यांना. पोरांच्या डोक्यावर काही पडलं तर जबाबदार कोण? मुंबईत जुन्या चाळीत आयुष्य काढलंय, मला विचारा जुनं लाकूड काय असतं ते. माझा स्मारकाचा आग्रह नाही, मुलांच्या सुरक्षिततेचा आहे.

प्रशाला_मास्तर

मुद्दा शंभर टक्के रास्त. वास्तू तपासून, दुरुस्त करूनच वर्ग भरावेत, यात वादच नाही. फक्त दुरुस्तीच्या काळात शाळा कुठे भरेल आणि कधी परत येईल, हे कागदावर आधी ठरलं पाहिजे. तात्पुरती हलवलेली शाळा परत न आल्याची उदाहरणं माझ्या जिल्ह्यात आहेत.

यवतेश्वर

डोंबिवलीकर, तुमचा प्रतिसाद सगळ्यात कामाचा आहे. मला वाटतं दोन्ही तटांचं म्हणणं इथे एकत्र येतं. जो भाग वर्ग भरवायला योग्य नाही तिथे संग्रहालय करा: रजिस्टरची प्रत, त्या काळची इयत्तांची रचना, मसूरचा प्रवास, गोणपाट, नळ, प्रतापसिंह महाराज, रंगो बापूजी, सगळं. मूळ रजिस्टर नीट तापमान राखलेल्या जागी ठेवा. आणि उरलेल्या भागात पाचवी ते दहावी चालू द्या. बाहेरून आलेल्या माणसाला संग्रहालयाशेजारी वर्ग भरलेला दिसला तर त्याला जे कळेल, ते काचेच्या पेटीतून कळणार नाही.

रयतसेवक

याला पूर्ण अनुमोदन. आणि त्यात अण्णांसाठी एक भिंत ठेवा.

सदर_बझार

बाबासाहेबांच्या आई भीमाबाईंचं निधन साताऱ्यातच झालं, १८९६ ला. त्यांची समाधी इथे आहे. बाहेरून येणारे शाळा बघून परत जातात, बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. एक पत्रक करून शाळेत ठेवलं तर? आम्ही इकडचे चार-पाच जण मजकूर लिहू शकतो.

खटावकर

मसूर आणि आमच्याकडचा रस्ताही त्यात घ्या. नकाशा मी काढून देतो. भाऊ सर्व्हेअर आहे.

प्रज्ञा_म

मजकूर लहान मुलांना वाचता येईल असा हवा. माझी लेक सातवीत आहे, तिच्याकडून वाचून घेईन आणि जिथे अडेल तिथे बदलू.

अवांतर: शाळेचे जुने विद्यार्थी इथे अजून कुणीच आले नाहीत. राजपथावरची ताई, मामांना विचाराल का?

राजपथावरची

धाकट्या मामाला फोन लावला आत्ताच. तो १९७० च्या सुमाराचा. म्हणाला, आमच्या वर्गात कुंभाराचा, न्हाव्याचा, मामलेदाराचा, तुरुंगातल्या शिपायाचा आणि एका डॉक्टरचा, अशी सगळी पोरं एका बाकड्यावर होती, आणि अजून त्यांची दर दिवाळीला गोलबागेपाशी भेट होते. लिहायला सांगितलं तर म्हणतो, टायपिंग येत नाही, तूच ये आणि लिहून घे. रविवारी जातेय. प्रश्न काय विचारायचे ते इथे टाका.

जुनी_अकरावी

विचारा: ग्रंथालय कुठे होतं, वार्षिक अंक निघायचा का, निघत असेल तर जुने अंक कुणाकडे आहेत. बाबासाहेबांच्या नोंदीबद्दल त्या काळी शिक्षक वर्गात सांगायचे का, हे मला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचंय. आणि १८८५ चं सातारा गॅझेटियर कुणी चाळणार असेल तर त्यातला शिक्षणाचा भाग बघा, तेव्हाचं हायस्कूल त्यात सापडेल.

मोडीप्रेमी

गॅझेटियर माझ्याकडे आहे. शनिवारपर्यंत तेवढी पानं स्कॅन करून टाकतो.